झोपडीला घातलेला वळसा

जबल अलीच्या अलीकडे, खाऱ्या जमिनीच्या काठाला, झावळ्यांच्या झोपडीत एक म्हातारी बदू, म्हणजे वाळवंटातल्या फिरस्त्या अरबांतली, बाई राहायची आणि तिच्याबरोबर तिची सून. या दोघींनी माझी नोकरी वाचवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात चिडचिड फार आहे, आणि चिडचिडीच्या भरात माणूस उपकार सांगायचा राहून जातो. म्हातारीचं नाव मी विचारलं नाही. बाईमाणसाला नाव विचारायची आमच्यात रीत नव्हती. चेहराही सांगता यायचा नाही, कारण तिकडच्या बायका लावतात तसला निळसर काळा, चकाकणारा मुखवटा तिच्या तोंडावर होता. आवाज मात्र आजही ओळखीन. फाटक्या शिडासारखा होता.

दुबईत तेव्हा रुपयाच चालायचा आणि खाडीवर पूल होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. लाँचमधून ओकत ओकत इथं आलो आणि एका अरबाबाच्या गॅरेजात लागलो. अरबाब म्हणजे मालक. त्यानं मला कागद विचारला नाही, शाळा विचारली नाही. पाना हातात दिला आणि म्हणाला, "सीखो." सहा महिन्यांत गाडी चालवायलाही शिकवली. त्या माणसाचं मी मनोमन इतकं देणं लागत होतो की तो जवळून गेला तरी माझ्या हातातला पाना निसटायचा.

दुबईच्या देरा भागात आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. एक चाचा, म्हणजे आमच्याच बाजूचे तांडेल, आयुष्य गलबतावर गेलेलं, आता गुडघ्यांमुळे बंदरावर माल मोजायचं काम करणारे. दुसरा एका पेढीतला कारकून. मॅट्रिक पास, आणि ते तो आम्हाला रोज एकदा तरी कळू द्यायचा. त्याला मी भाई म्हणायचो. तिसरा मी. चाचा मला पोराच म्हणायचे.

शिकारीचं खूळ चाचांचं. चाचा कायमचे घरी निघाले होते. जाण्याआधी एकदा हरणाचं मटण खायचं, तेही आपल्या हातानं मारलेलं, हे त्यांच्या मनानं घेतलं. "गावाला डुकरं नि ससे मारले," म्हणाले, "पण हरीण नाय. इथं मैदानात हरणं चरतात नि आपण सुकट खातो. लाज वाटत नाय?"

मला लाज वाटत नव्हती. मला भीती वाटत होती. कारण गाडी माझ्या अरबाबाची लागणार होती आणि ती मागायची मी.

खरं तर त्याच्याही आधीपासून माझं डोकं उठलं होतं. त्या खोलीत पंधरा-वीस दिवस जे चाललं त्याला बेत म्हणायचं असेल तर म्हणा. भाईनं पेढीतून कुठल्याशा सर्व्हेचा नकाशा आणला. दोन माणसं झोपतील एवढा मोठा, आणि त्यातला बहुतेक भाग नुसता पांढरा. किनाऱ्याची रेघ, दोन-चार विहिरी, जबल अलीची टेकडी, बाकी काही नाही.

मी विचारलं, "भाई, हे पांढरं म्हणजे काय?"

"पांढरं म्हणजे मोकळं."

"पण जमीन कुणाची?"

"अल्लाहची," चाचा म्हणाले.

"ती सगळीच त्याची, चाचा. पण तिथं माणूस कोणाला विचारतो?"

"मॅट्रिक मी झालो की तू?" भाई म्हणाला, आणि विषय संपला.

मग हाक्यावरून जुंपली. चाचांना शिकारीची एकच पद्धत ठाऊक होती, कोकणातला हाका. एका बाजूनं माणसांनी डबे बडवत, ओरडत जंगल झोडपायचं आणि दुसऱ्या बाजूला घळीच्या तोंडाशी बंदूकवाल्यानं दबा धरायचा. मी म्हटलं, चाचा, इथं जंगल नाही, घळ नाही, आणि आपण तिघंच. चाचांनी बोटं मोजली. "दोघं हाकतील, एक मारील." मी म्हटलं, हरीण त्या दोघांच्या आणि एकाच्या मधूनच जाईल असं कशावरून? सगळीकडनं उघडंच आहे. यावर चाचा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू हरीण मीच पळवलं. शेवटी तेलाचे चार रिकामे डबे बडवण्यासाठी म्हणून गाडीत चढलेच.

त्यात भाईचा धर्माचा प्रश्न. गोळी लागल्यावर सुरी फिरण्याआधीच जनावर गेलं तर ते हलाल की हराम? बिस्मिल्ला चाप ओढताना म्हणायचं की बार उडाल्यावर? दोन रात्री यावर गेल्या. दोघांपैकी एकानंही उभ्या आयुष्यात हरणावर बंदूक रोखलेली नव्हती. मसाला मात्र वाटून झाला. खोबरं भाजून, धणे-मिरच्या घालून, डब्यात दाबून भरून, वर तेल. मांडी कुणाची आणि कलेजी कुणाची हेही ठरलं. हरीण बिचारं कुठंतरी चरत असेल, त्याला पत्ताच नाही.

शेवटी मी अरबाबाकडे गेलो आणि गाडी मागितली. तो मुंबईत व्यापार केलेला माणूस, हिंदी छान बोलायचा. ऐकून हसला. म्हणाला, "जुम्मे को ले जाओ. शनिवार सुबह गाड़ी मुझे चाहिए, दूर जाना है." आपली जुनी दुनळी बंदूकही दिली. मग बोट वर करून म्हणाला, "रास्ते में घर दिखे तो रुकना. सलाम करो, खबर दो, खबर लो. फिर आगे." मी मान डोलावली. खाऱ्या जमिनीत गाडी घालू नको, असंही त्यानं सांगितलं, पण ते मला सांगायची गरजच नव्हती. माझ्या आधीच्या हेल्परनं अरबाबाचा ट्रक खाऱ्या जमिनीत घातला होता. तिकडे तिला सबखा म्हणतात. वरून कोरडी, पापुद्रा आलेली, फरशीसारखी दिसते आणि खाली चिखल. ट्रक तिथंच राहिला आणि हेल्पर पुढच्या लाँचनं घरी गेला. गॅरेजात नव्या पोराला पहिल्या दिवशी चहाबरोबर ही गोष्ट मिळायची.

मी घरी गेलो असतो तर काय झालं असतं ते सांगत बसत नाही. अब्बा नव्हते, दोन बहिणी होत्या. तेवढं पुरे.

शुक्रवारी पहाटे फजरची नमाज पढून निघालो. थंडीचे दिवस. चाचांनी गलबतावरचं जुनं होकायंत्र मांडीवर घेतलं होतं. "वाळू काय नि पाणी काय, दिशा तीच." भाईच्या मांडीवर नकाशा. दोघं दोन वेगळ्या दिशा सांगत होते आणि मी तिसरीकडे, चाकांच्या जुन्या खुणांवरून चाललो होतो. पाणी पेट्रोलच्या डब्यांत भरलेलं, त्यामुळे घोटाघोटाला पेट्रोलचा वास. तरी किनाऱ्याकिनाऱ्यानं वाट बरी होती. जबल अलीची टेकडी लांबून दिसायला लागली तशी माझीही छाती जरा हलकी झाली.

तेवढ्यात ती झोपडी दिसली.

चाकांच्या खुणा सरळ तिच्या दारासमोरून जात होत्या. दारात ही म्हातारी बसलेली, जरा मागं तरुण सून, दोन उंट, शेळ्या. पुरुष एकही नाही. मला अरबाबाचं बोलणं आठवलं आणि मी वेग कमी केला.

"काय करतोस?" भाई म्हणाला.

"थांबतो. सलाम करायचा आहे."

"कुणाला सलाम? पुरुषमाणूस दिसतंय का तुला?"

चाचाही म्हणाले, "पोरा, एकट्या बायका हायत. त्यांच्या दारात गाडी नेऊन उभी करणार? कुणाच्या घरचा रे तू? लांबून जा. नजर खाली ठेव नि लांबून जा."

कुणाच्या घरचा, असं विचारलं की आमच्याकडचा माणूस विरघळतो. आमच्या गावात घरचे पुरुष बाहेर असले की परका माणूस कुंपणाच्या आतही यायचा नाही. आवाज द्यायचा तोही तोंड दुसरीकडे करून. मलाही तेच शिकवलेलं होतं. मी स्टिअरिंग वळवलं आणि झोपडीला मोठा वळसा घातला, समुद्राच्या बाजूनं. मान खाली, नजर स्टिअरिंगवर, अगदी सभ्यपणे. तिघांनाही आपण फार चांगल्या घरचे आहोत असं वाटत होतं.

त्या चांगल्या वागण्यानंच आम्ही सबख्यात शिरलो. वाट झोपडीसमोरून जात होती ती उगीच नव्हे. कडक जमीन तेवढीच होती. पुढची चाकं पापुद्रा फोडून आत गेली, मी घाबरून जोर दिला आणि मागची त्यांच्याहून खोल गेली. मग गाडी पोटावर बसली.

पुढं जे झालं ते आठवलं की अजून कपाळाची शीर उडते. भाई उतरला, नकाशा बॉनेटवर पसरला आणि म्हणाला, "नकाशात इथं काहीच नाही."

मी म्हटलं, "भाई, गाडी आहे ना इथं!"

आम्ही हातांनी उकरलं. हाक्याचे डबे चाकांखाली घातले, ते कागदासारखे चेपले आणि आत गेले. बंदुकीची खोळ घातली, पोती घातली, भाईचा नकाशा मी घातला असता पण त्यानं सोडला नाही. चाचा मात्र काहीच करत नव्हते. थोडं पुढं जाऊन ते वाकून जमीन बघत होते. जमिनीवर मिठाची एक पांढरी रेघ होती, पार आमच्या मागेपर्यंत गेलेली, आणि तिच्यात अडकलेले शेवाळाचे सुकलेले धागे.

परत आले. मग म्हणाले, "पोरा, चंद्र कितवा?"

"काल अमावास्या झाली, चाचा."

"मग उधाण हाय. नि वारा समुद्राकडनं." त्यांनी मिठाची रेघ दाखवली. "पाणी इथवर येतं."

समुद्र कुठं होता? लांब, नुसती चमकणारी एक रेघ. पण जमीन अशी सपाट की पाणी निघालं तर त्याला अडवायला एक दगड नव्हता. चाचा होकायंत्रात चुकत असतील, पाण्यात चुकणार नाहीत हे मला माहीत होतं. मी गाडीच्या दाराला धरून उभा राहिलो. मला रडू आलं नाही, राग आला. हरणाचा, हाक्याचा, बिस्मिल्लाचा, मसाल्याचा, सगळ्याचा.

आणि मग म्हातारी आली. काठी टेकत, कुठं पाय ठेवायचा ते बघत, सावकाश. मी धावत पुढं गेलो आणि गॅरेजातल्या अरबीत सांगायला लागलो की गाडी, पाणी, मालक, मदत. तिनं हात वर केला.

"सलाम आलेकुम," ती म्हणाली.

"वालेकुम सलाम. आई, गाडी..."

"कसा आहेस?"

"ठीक. गाडी बघ..."

"तुझे लोक कसे आहेत?"

"ठीक आहेत. पण पाणी येतंय..."

"खबर काय?"

या प्रश्नाचं तिकडं एकच उत्तर असतं. सगळं खैर. घरात मय्यत पडली असली तरी आधी सगळं खैर म्हणायचं, मग सांगायचं. मी त्या बुडणाऱ्या गाडीपुढं उभा राहून, घोट्यापर्यंत चिखलात, म्हणालो, "सगळं खैर."

"अल्हमदुलिल्ला," म्हातारी म्हणाली. "तिकडं पाऊस?"

"नाही!" मी ओरडलोच. "आई, पाऊस नाही!"

"यानं ओरडायला काय झालं?" तिनं चाचांना विचारलं. चाचांना अरबी बंदरापुरतं येत होतं. ते नजर खाली घालून म्हणाले, "पोरगं लहान आहे."

मी चिडून मागं वळलो तेव्हा कळलं, मागनं सून उंट घेऊन येतच होती. दोन्ही उंटांवर काहीतरी लादलेलं. आमची सलाम-खबर चालू असताना म्हातारीच्या मागं काम आधीच सुरू झालेलं होतं. उंटांवर होत्या झावळ्यांच्या ताट्या. झोपडीच्या समुद्राकडच्या भिंती. खजुरीच्या झावळ्या सोलून, दोरीनं एकेक बांधून केलेल्या, माणसापेक्षा उंच. थंडीत वारा अडवायला त्यांच्याकडे तेवढंच होतं. ती भिंत त्या दोघींनी सोडून आणली होती.

चाचांना ते सगळ्यात आधी कळलं. "नको," म्हणाले, "घर नको मोडू." म्हातारीनं ऐकलंच नाही. ताट्या चाकांपुढं पसरायला लावल्या, काठीनं चाचांना इकडे, भाईला तिकडे उभं केलं. भाई पहिल्यांदाच काही न बोलता खाली बसून चिखल उपसत होता. सुनेनं दोर बांधला, उंटांना आवाज दिला. मी स्टिअरिंगवर बसलो. हळू, म्हातारी ओरडत होती, हळू, हळू. ताट्या चाकांखाली कडाकडा मोडत होत्या. एक मोडली की दुसरी सरकवायची. समुद्राकडं बघायचं नाही असं ठरवूनही मी बघितलंच. ती चमकती रेघ रुंद झाली होती.

शेवटच्या ताटीवर गाडी वर आली आणि कडक जमिनीला लागली. मी उतरलो आणि दोर सोडायला लागलो. थोड्या वेळानं आमच्या चाकांच्या खड्ड्यांतून पाणी शिरलं. आवाज न करता. मोडलेल्या काड्या तेवढ्या तरंगत राहिल्या.

मग तिनं आम्हाला कॉफी प्यायला बसवलं, म्हणजे बसायलाच लावलं. एका बाजूनं झोपडी उघडी, वारा सरळ आत. सून शेळीच्या केसांची एक जाड पट्टी तिथं बांधायचा प्रयत्न करत होती आणि ती फडफडत होती. आम्ही तिघं माना खाली घालून बसलो.

"आता सांगा," म्हातारी म्हणाली, "माझं घर टाळून का गेलात? मी काय भूत आहे?"

चाचांनी कसंबसं सांगितलं. घरात पुरुष नव्हता, म्हणून.

ती मुखवट्याआडून बराच वेळ हसली. मग हसणं थांबलं. "पुरुष नाही म्हणून घर नाही का? चूल माझी, कॉफी माझी. लांबून जातो तो चोर, नाही तर रागावलेला. तुम्ही कोण?"

भाईनं घसा साफ केला आणि म्हणाला की आम्ही हरणाच्या मागं आलो होतो.

"हरीण?" तिनं सुनेकडं बघितलं. "इथं? दोन हिवाळे पाऊस नाही. हरणं आत गेली, वाळूकडं. थांबला असतात तर पहिल्या पेल्यालाच सांगितलं असतं."

मसाल्याचा डबा आम्ही तिला दिला. तिनं हुंगला, सटासट शिंकली आणि म्हणाली, "हे माणसं खातात?" आम्ही बरोबर आणलेली तांदळाची भाकरी मात्र आवडली. सुनेनं दोन खाल्ल्या.

अंधार पडायच्या आत आम्ही खाडीचा पूल ओलांडला. वाटेत चाचा एकदाच म्हणाले, "पोरा, मी वळवलं तुला." मला राग होता आणि त्यांचे गुडघे चिखलानं माखलेलेही दिसत होते. शनिवारी सकाळी गाडी जागेवर होती, धुतलेली. अरबाबानं भोवती एक फेरी मारली, चाकाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, त्यावरचं मीठ बघितलं, मग मला बघितलं. माझ्या डोळ्यापुढं लाँच उभी राहिली. तो म्हणाला, "गाड़ी आ गई, तुम आ गए. खलास. यल्ला, काम करो." मी वळलो आणि गॅरेजाच्या मागं जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

त्यानंतर मी त्या गॅरेजात वर्षानुवर्षं राहिलो. दोन्ही बहिणींची लग्नं तिथल्याच पगारावर झाली.

चाचा त्याच महिन्यात गावाला गेले, हरीण न खाता. महिना-दीड महिन्यानं मी बाजारातून नव्या ताट्या घेतल्या, तिकडे जाणाऱ्या ट्रकवर टाकल्या आणि गेलो. या खेपेला सरळ वाटेनं, दारापर्यंत. पण दार नव्हतं. चुलीचे काळे दगड होते, शेळ्यांच्या लेंड्या होत्या, बाकी काही नाही. उन्हं वाढायला लागली की हे लोक आत खजुरीच्या बागांकडे जातात, ट्रकवाला म्हणाला. कुठल्या बागांकडे? त्यानं सगळीकडं हात केला. पुढच्या थंडीत गेलो, तेव्हाही झोपडी नव्हती. मग तिथं मोजणीवाले आले, खुंट्या आल्या, आणि आता तर बंदर आहे, गोदामं आहेत, जमिनीवर एक वीत उघडी नाही.

म्हातारी आता नसणार. पण सून माझ्याच वयाची होती. असेल ती कुठंतरी, नातवंडांच्या सिमेंटच्या घरात, समुद्राकडनं वारा आला तर खिडकी लावून घेत. मी अजून इथंच आहे आणि विचारत असतो. ड्रायव्हरांना, बागवाल्यांना, उंटवाल्यांना. लोक हसतात. हसू देत. एक दिवस तिचा पत्ता लागेल, इन्शाल्ला, आणि त्या दिवशी तिच्या घराला जे कमी असेल ते मी पुरं करून देईन, भिंत असो, छप्पर असो, की काही आणखी. हे मी कबूल केलेलं आहे.